तात्यांच्या छातीतली एकवीस मिनिटं

१

बाजीराव तात्यांच्या छातीतलं मशीन त्या सकाळी एकवीस मिनिटं गप्प बसलं होतं.

साक्षी अहिवळेनं कागदाची पट्टी खिडकीजवळ नेऊन पुन्हा वाचली. बारामतीच्या या दवाखान्यात हृदयाची मशीनं तपासायचं काम ती आठ वर्षं करत होती. हृदयाची लय भरकटली की हे मशीन आतूनच झटका देतं आणि माणूस वाचतो. तात्यांना ते वर्षापूर्वी पुण्यात बसवलं होतं. रविवारी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी त्यानं पहारा थांबवला. दहा तेराला पहारा पुन्हा सुरू झाला आणि लगेच त्यानं झटका दिला. मधल्या काळात तात्या कळसच्या आपल्या डाळिंबाच्या बागेत कोसळले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नसते.

"गावातले लोक टॉवरचं नाव घेतायत," डॉक्टर म्हणाले. "शेजारच्या रानात मोबाईलचा टॉवर आहे. त्याच्या रेडिएशननं मशीन बंद पडलं, असं त्यांचं म्हणणं. तात्यांच्या मुलानं पोलिसात अर्ज दिलाय. काल कोणीतरी टॉवरची केबलही तोडली."

"टॉवर रात्रंदिवस चालू असतो, सर. मशीन फक्त एकवीस मिनिटं थांबलं होतं. टॉवरमुळं थांबलं असतं तर वर्षभर रोजच थांबलं असतं."

"मग कशानं?"

"चुंबकानं. ऑपरेशनच्या वेळी आपणच वरून चुंबक ठेवून ते थांबवतो. उचललं की पुन्हा सुरू. नोंद अगदी तशीच आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे कोणीतरी तात्यांच्या छातीवर चुंबक धरून उभं होतं?"

"ते मी शोधून काढते. तुम्ही डिस्चार्ज पुढं ढकला."

"आज चार वाजता जाणार म्हणून ते हट्टाला पेटलेत. आणि सापडत नाही म्हणून किती दिवस ठेवणार?"

साक्षी वॉर्डात डोकावली. तात्या कॉटवर मांडी घालून बसले होते. सत्तरीचे, रापलेले, आवाज मात्र खणखणीत.

"तात्या, रविवारी सकाळचं काय आठवतं?"

"सहाला दूध प्यालो. त्याच्यापुढं कोरी पाटी बघ, पोरी."

"फोन कुठं होता?"

तात्यांनी डाव्या छातीवर थाप मारली. "सदऱ्याच्या खिशात. उठल्यापासनं झोपंपर्यंत तिथंच असतुया. डाक्टर नको म्हणत्यात, पर हात जातुया तिथंच."

फोन साधा, बटणांचा होता. साक्षीनं तो उलटसुलट करून पाहिला, मनात काहीतरी टिपून घेतलं आणि स्कूटरची किल्ली उचलली.

२

तिचे वडील बुद्धघोष सांगवीच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. घरात कोणी 'असं म्हणतात' म्हणालं की ते विचारायचे, 'कोण म्हणतं? त्यानं स्वतः पाहिलं का?' ही सवय साक्षीला लहानपणीच लागली होती.

कळसला पोहोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. तात्यांचं घर रानातच होतं. बाजूला पत्र्याची शेड, पलीकडे बाग आणि बागेच्या बांधापलीकडे तो टॉवर. अंगणात तात्यांचा मुलगा ज्ञानेश गाडी पुसत होता. त्याच्या उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"तुमीच सांगा मॅडम," तो सुरुवातीलाच तापला, "ह्यो टॉवर महिपतीआबानं त्याच्या रानात उभा केला. तात्यांचा बालमित्र म्हणं! तात्या पडलं तवा तितं दुसरं कोण न्हवतं. ह्यानं हात लावला आन् तात्यांना झटका बसला."

"तुम्ही ते स्वतः पाहिलं?"

ज्ञानेश थोडा अडखळला. "न्हाय. आबानंच सांगितलं."

"तुम्ही तेव्हा कुठं होता?"

"शेडमधी. गेटाचं वेल्डिंग करत व्हतो." त्यानं नजर चुकवली. "पर पावणेधाला लाईट गेली. मशीन थंड पडलं, म्हणून म्या गावात गेलो."

"नक्की पावणेदहा?"

"थ्री फेजची लाईट रोज त्याच टायमाला जाती, मॅडम. कुणालाबी इचारा."

साक्षीनं मान हलवली. वेल्डिंग मशीनपासून अशा माणसानं लांबच राहायचं असतं, हे खरं. पण पावणेदहाला थंड पडलेलं मशीन नऊ बावन्नला काही करू शकत नव्हतं.

घरात तात्यांच्या पत्नी रंगूबाई दाराच्या उजेडात बसून शिवत होत्या. मांडीवर नवीकोरी बंडी होती, सदऱ्यावर घालायची, जाड, बिनबाह्यांची. थंडीच्या दिवसांत बागेच्या सावलीत जाताना तात्या ती घालत.

"बस, बाय. पाणी घे. मालक घरी येणार, म्हणून घाई चाललीया. जुनी फाटली त्या दिवशी."

"कात्री देऊ का, मावशी?" रंगूबाईंचा हात शोधताना पाहून साक्षीनं शेजारचा पत्र्याचा डबा पुढं ओढला. तिनं कात्री उचलली, तर तिच्या पात्याला दोन सुया लोंबत वर आल्या. साक्षीनं त्या सोडवल्या. एक सोडली तर ती पुन्हा पात्याला जाऊन चिकटली.

"त्या तशाच चिकटत्यात आता," रंगूबाई म्हणाल्या. त्यांनी दोरा दातानं तोडला, बंडीची घडी केली आणि पिशवीत ठेवली. "ज्ञानेश, चल रं. मालक वाट बघत असत्याल."

गाडी धूळ उडवत गेली. साक्षी ओसरीवरच थांबली. अजून दोन माणसांशी बोलायचं राहिलं होतं.

३

सून मोना डाळिंबाचे क्रेट भरत होती. हात न थांबवता ती बोलत होती.

"सगळे टॉवर टॉवर करतात, ताई. पण मामंजी वर्षभर त्याच बागेत जातात. त्या दिवशीच काय नवीन झालं?"

"हाच प्रश्न मला पडलाय," साक्षी म्हणाली. "ते घरातून कधी निघाले, आठवतं?"

"आठवायला कशाला पाहिजे?" मोनानं आपला फोन काढला. "माझ्या भावाचा फोन आला होता. मी बोलत होते आणि मामंजी अंगणातून ओरडत होते, 'माझी बंडी कुठाय?' भाऊ म्हणाला, तुझ्याकडे भांडण चाललंय काय. हे बघा, नऊ पन्नास. दोन मिनिटं बोललो."

"मग बंडी कोणी दिली?"

"आत्यांनी, माझ्या सासूबाईंनी. स्वतः अंगात घातली, गुंड्या लावल्या आणि वरून छातीवर हात फिरवला. मला हसू आलं. लग्नातल्या नवरदेवाला सजवतात तसं चाललं होतं."

"त्याआधी तात्यांच्या अंगात काय होतं?"

"नुसता सदरा. फोन खिशात. सकाळपासून तसाच."

साक्षीनं फोनवरची ती वेळ पुन्हा वाचली. मोनानं पहिल्यांदा हात थांबवले.

"काय झालं, ताई?"

"अजून एकच गोष्ट हवी. महिपतीआबा कुठं भेटतील?"

महिपतीआबा बांधावर एकटेच बसले होते. चार दिवसांत गावात कोणी त्यांना रामराम घातला नव्हता. साक्षीनं आपण कोण ते सांगितलं, तेव्हा ते उठून उभे राहिले.

"तात्या बरा हाय ना? मला कुणी सांगत न्हाय."

"बरे आहेत. आबा, त्या दिवशी काय झालं ते मला सावकाश सांगा. काय केलं, कशाच्या आधी, कशाच्या नंतर."

"म्या पाणी सोडत व्हतो. तात्या झाडापाशी वाकला आन् तसाच बसला. मग आडवा झाला. म्या पळत गेलो. डोळं पांढरं, घाम नुसता. म्हनलं वारा लागू द्यावा. गुंड्या सोडाय येळ न्हवता, म्या दोनी हातांनी बंडी फाडली, खांद्यावनं ओढली आन् लांब फेकली. मग छातीवर हात ठिवला." त्यांनी आपली बोटं पाहिली. "धा आकडे मोजाय लागतील तेवढाच येळ गेला आसंल. तात्या असा उसळला! माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मला वाटलं, गेला. तर त्यानं डोळं उघडलं."

"सदरा काढला होतात?"

"न्हाय. सदरा अंगातच व्हता."

"आणि फोन?"

"सदऱ्याच्याच खिशात. म्याच मागनं काढला आन् ज्ञानेशला लावला." आबांनी साक्षीकडं पाहिलं. "त्यो म्हणतो, तू हात लावलास म्हणून झटका बसला. पोरी, खरंच माझ्यामुळं झालं का?"

"तुमच्यामुळंच झालं, आबा," साक्षी म्हणाली. "तुम्ही ती बंडी ओढली म्हणून मशीन जागं झालं आणि त्यानं तात्यांना वाचवलं. नऊ बावन्नला बंडी अंगात गेली, मशीन गप्प. दहा तेराला बंडी निघाली, मशीन सुरू. फोन आधीही छातीवर होता, नंतरही छातीवर होता. त्याचा यात हात नाही. चुंबक बंडीत होतं."

बोलता बोलता तिला पात्याला लोंबणाऱ्या सुया आठवल्या. 'त्या तशाच चिकटत्यात आता.' आता म्हणजे हल्लीच. जोरदार चुंबकाजवळ काम केलं की कात्रीसुद्धा चुंबक होते. जुनी बंडी फाटली होती. आणि तिच्यातली वस्तू रंगूबाईंनी काढून कुठं शिवली, हे साक्षीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

नवी बंडी पिशवीत होती, आणि पिशवी बारामतीच्या वाटेवर.

४

तिनं फोन काढला. रेंजची एकही काडी नव्हती.

"कालपासनं कुणाचाच लागत न्हाय," आबा म्हणाले. "टॉवरची केबल तोडली ना."

पावणेदोन झाले होते. गाडी निघून तासभर होऊन गेला होता. स्कूटरवरून दवाखाना गाठेपर्यंत तात्यांनी ती बंडी अंगात घातलेली असणार. रात्रीच मॉनिटरवर त्यांची लय दोनदा अडखळली होती. पुन्हा भरकटली तर मशीन पुन्हा गप्प बसेल, आणि या वेळी बंडी फाडायला कोणी असेलच असं नाही.

"उंचावर कुठं रेंज येते का?"

"माळावर. पल्याडच्या गावाचा टॉवर दिसतो तितनं. चल, म्या दावतो."

तात्यांच्याच वयाचे आबा पुढं आणि साक्षी मागं. खडकाळ चढ, घाणेरीची झुडपं, पायाखाली सरकणारी खडी. आबांना धाप लागली पण ते थांबले नाहीत. वर मोठ्या दगडापाशी एक काडी आली, गेली, पुन्हा आली. साक्षीनं फोन स्पीकरवर टाकला आणि हात लांब करून उंच धरला.

"सोनल सिस्टर? साक्षी बोलतेय. तात्यांच्या घरचे आले का?"

"मघाशीच आलेत. तात्या तयार होऊन बसलेत, नवी बंडी घालून. फोटो काढा म्हणतायत."

"बंडी काढा! आत्ताच्या आत्ता. काढून खोलीच्या बाहेर न्या."

"काय?"

आवाज तुटला. साक्षी दगडावर चढली.

"सिस्टर, बंडीत चुंबक आहे! डाव्या बाजूला चाचपा!"

पलीकडून खरखर, कोणाचं तरी 'अहो, काय करताय' आणि मग सोनल सिस्टरचा आवाज अगदी स्पष्ट आला. "काढली. आत काहीतरी चपटं, कडक लागतंय. माझी केसांची पिन चिकटली त्याला."

आबा धापा टाकत दगडापाशी बसले. साक्षीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आबा, उठा. तुम्हाला माझ्यासोबत बारामतीला यायचंय."

५

डॉक्टरांच्या टेबलावर बंडीतून निघालेली पट्टी पडली होती. बोटभर रुंद, सोनेरी, वर फुलाचं चित्र. रंगूबाईंनी ती पाहिली आणि पदर तोंडावर धरला.

"इंदापूरच्या बाजारात घेतली. त्यो माणूस म्हनला, फोनचं रेडिएशन खाऊन टाकती. मालक ऐकत न्हाईत, फोन छातीलाच धरून बसत्यात. आधीच छातीत मशीन. म्हनलं, गुपचूप शिवून टाकावी. पडलं तवा मला वाटलं, हिच्यामुळंच वाचलं. म्हणून तर दुसऱ्या बंडीत घातली." त्यांनी पट्टी लांब सारली. "म्याच मारत व्हते की गं त्यास्नी."

"मावशी, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," साक्षी त्यांच्याशेजारी बसली. "चूक विकणाऱ्याची. असलं काही विकताना त्यानं निदान विचारायला हवं होतं. आणि खरं सांगू? रेडिएशन खाणारी पट्टी नसतेच. हिच्यात नुसतं चुंबक आहे."

"मग टॉवर?" ज्ञानेशनं विचारलं. आवाजात आता ती धार नव्हती.

"टॉवर तुमच्या अंगापासून लांब आहे, फोन अंगाला चिकटलेला आहे. काळजी करायची तर जवळच्याची करावी. फोनच्या लहरींमुळं अमुक एक आजार होतोच, असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. अभ्यास चालू आहे. म्हणून घाबरायचं नाही, पण थोडं जपायचं. आणि एक सांगते. टॉवर बंद पडला की फोनला लांबच्या टॉवरशी बोलावं लागतं. मग तो जास्त जोर लावतो. काल केबल तुटल्यापासून तुमच्या गावातला प्रत्येक फोन पहिल्यापेक्षा जास्त लहरी सोडतोय. आज तर त्या केबलपायी मला फोनच लावता येईना."

ज्ञानेशनं तळव्याची चिंधी मुठीत दाबली.  साक्षीनं त्या हाताकडे पाहिलं.

"म्याच तोडली," तो म्हणाला. "त्या दिवशी मला वाटलं, माझ्या वेल्डिंगनंच तात्या पडलं. ते मनातनं जाईना. मग सगळा राग टॉवरवर काढला." तो दाराकडे वळला. तिथं महिपतीआबा चपला बाहेर काढून उभे होते, आत यावं की नाही या विचारात. ज्ञानेश जाऊन त्यांच्या पायाशी वाकला. "आबा, अर्ज म्या माघारी घेतो. केबल म्या तोडली, हेबी पोलिसाला म्याच सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

आबांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "आधी तुझ्या बापाला भेटू दे मला."

तात्या वॉर्डात नुसत्या सदऱ्यावर बसले होते. आबांना पाहून त्यांनी कॉटवर सरकून जागा केली.

"माझी बंडी फाडली म्हणं तू."

"फाडली."

"बरं केलंस."

आबा त्यांच्याशेजारी कॉटवर टेकले. सोनल सिस्टरनं हळूच पडदा ओढून घेतला.

निघताना रंगूबाईंनी साक्षीचा हात धरला. "आता मी त्यांच्या फोनचं काय करू? खरं सांग."

"मशीनपासून वीतभर लांब ठेवायचा. म्हणजे डाव्या खिशात नाही, कमरेच्या उजव्या खिशात. बोलताना उजव्या कानाला, नाहीतर स्पीकरवर. रेंज कमी असेल तिथं लांबलचक गप्पा मारायच्या नाहीत. झोपताना उशीखाली नाही. आणि चुंबक असलेली कुठलीही वस्तू, मग ती कुणी कितीही चांगली म्हणो, छातीजवळ नाही."

रंगूबाईंनी प्रत्येक गोष्ट बोटावर मोजून घेतली. मग तात्यांच्या सदऱ्यातून फोन काढला, त्यांच्या उजव्या खिशात घातला आणि सिस्टरकडून कात्री मागून सदऱ्याचा डावा खिसा शिवणीतून उसवून टाकला. 

६

पुढच्या बाजारच्या दिवशी इंदापुरात तो माणूस त्याच जागी बसला होता. समोर सोनेरी पट्ट्यांची रांग, हातात रेडिएशन मोजतं म्हणून दाखवायचं, काटा हलणारं एक यंत्र, भोवती सात-आठ बायका.

रंगूबाई गर्दीतून पुढं झाल्या. मागं मोना होती.

"मावशी, या. अजून पाहिजेत का?"

"न्हाय. एक इचारायचं हाय. ही पट्टी घेताना घरात कुणाच्या छातीत मशीन हाय का, असं तू मला इचारलंस?"

"कसलं मशीन?"

"व्हय ना? तुला म्हाईतच न्हाय." रंगूबाई बायकांकडे वळल्या. "ह्यात चुंबक हाय. माझ्या मालकाच्या छातीतलं मशीन हिनं एकवीस मिनिटं बंद पाडलं. दवाखान्याचा कागद हाय हितं, डाक्टरच्या सहीचा. कुणाला वाचायचा आसंल तर वाचा."

मोनानं कागद उलगडला. दोन बायकांनी तो वाचला. एकीनं हातातली पट्टी परत ठेवली. "माझ्या सासऱ्यांना पण बसवलंय मशीन," ती हळूच म्हणाली.

माणसानं काटा हलणारं यंत्र पुढं केलं. "मावशी, धंद्याच्या टायमाला खोटं बोलू नका. हे बघा, काटा कसा उतरतो..."

"उतरू दे की. म्या कुठं जातीया?" रंगूबाईंनी शेजारच्या भाजीवालीकडून पोतं मागितलं, पट्ट्यांच्या रांगेसमोर अंथरलं आणि बैठक मारली. जी बाई थांबेल तिला त्या तेच सांगत राहिल्या. दुपार कलायच्या आत त्या माणसानं पट्ट्या पेटीत भरल्या आणि कोणाकडे न बघता चालता झाला. मोनानं त्याच्या मोटरसायकलचा नंबर टिपून घेतला. तक्रार कुठं द्यायची, हे साक्षीताईंनी तिला सांगून ठेवलं होतं.

"मग फोनचं करायचं काय, आत्या?" मघाची ती बाई अजून उभीच होती. "जपायचं तर कसं?"

रंगूबाई तिला बोटावर मोजून सांगायला लागल्या आणि त्यांचाच फोन वाजला. त्यांनी तो पिशवीतून काढला, बटण दाबलं, हात लांब केला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं.

"बाजारात हाय! हितं रेंज कमी हाय. आन् तुमी कुठल्या कानाला लावलाय?"

पलीकडून फोन सरकवल्याची खरखर आली.

"आता उजव्या," तात्या म्हणाले.